दूध व्यवसायात संगणकीय नोंदींचा उपयोग : गोठा ते डेअरी

शेतीला पूरक असा व्यवसाय म्हणून आपल्याकडे दूध व्यवसायाकडे पाहिले जाते. प्रत्यक्षात पाऊस हुलकावणी देतो किंवा मालाचे भाव पडतात, त्या वर्षी दर दहा दिवसांनी हाती येणाऱ्या दुधाच्या पगारावरच अनेक घरांचा प्रपंच चालतो. भारत १९९८ पासून दूध उत्पादनात जगात पहिल्या क्रमांकावर आहे. २०२३-२४ या वर्षात देशात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दूध निघाले. यातील बहुतेक दूध दोन-चार जनावरे पाळणाऱ्या लहान शेतकऱ्यांच्या गोठ्यातून येते, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे.

गोठ्यात निघालेले दूध संकलन केंद्र, शीतकरण केंद्र, टँकर आणि डेअरी असा प्रवास करून ग्राहकाच्या घरी पोहोचते. यालाच दुधाची पुरवठा साखळी म्हणतात. या साखळीत कोठेही दूध नासले, माप चुकले किंवा गाय विनाकारण भाकड राहिली, तर त्यामागे खर्च झालेला चारा, पाणी, वीज आणि घरातील माणसांचे कष्ट वाया जातात. साखळी टिकाऊ करायची म्हणजे ही गळती थांबवायची. इलेक्ट्रॉनिक काटा, दूध तपासणी यंत्र, संगणक आणि मोबाईल यांचा या कामी चांगला उपयोग होतो. मात्र यंत्र बसवले म्हणजे काम झाले, असे नव्हे. यंत्राने दिलेला आकडा आपणास वाचता आला पाहिजे. या लेखात प्रामुख्याने त्याचाच विचार केला आहे.

संकलन केंद्रावरील बदल

पूर्वी दूध मापाने घेत आणि स्निग्धांश, म्हणजेच फॅट, गर्बर पद्धतीने काढत. स्वित्झर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधलेली ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते. परंतु तिच्यात सल्फ्युरिक आम्ल, अमाईल अल्कोहोल, सेंट्रिफ्यूज आणि बराच वेळ लागतो. शंभर उत्पादकांचे नमुने रोज दोन वेळा असे तपासणे अवघड असते. त्यामुळे निकाल उशिरा लागे आणि वहीतील आकड्यांवरून वाद होत.

गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील सहकारी दूध संस्थांत १९९० च्या दशकाच्या मध्यास काटा, तपासणी यंत्र आणि संगणक एकत्र जोडून दूध घेण्यास सुरुवात झाली. आता महाराष्ट्रातही बहुतेक मोठ्या संघांच्या आणि खासगी डेअऱ्यांच्या केंद्रांवर ही व्यवस्था दिसते. उत्पादकाचा क्रमांक दाबला की वजन, स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ, म्हणजेच एसएनएफ, नोंदले जातात. दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघते आणि पावती किंवा मोबाईलवर संदेश मिळतो.

पावती कशी वाचावी

पावतीवर तारीख, वेळ, उत्पादक क्रमांक, गाय की म्हैस, वजन किंवा लिटर, स्निग्धांश, एसएनएफ, दर आणि रक्कम एवढ्या बाबी असाव्यात. त्यांपैकी तीन बाबी काळजीपूर्वक तपासाव्यात.

१) वजन व लिटर : काटा किलोग्रॅम दाखवतो आणि दर बहुधा लिटरला असतो. दूध पाण्यापेक्षा जड असल्याने एक लिटर दुधाचे वजन सुमारे १.०३ किलो भरते. म्हणून १० किलो दुधाचे सुमारे ९.७१ लिटर होतात. आपल्या केंद्रावर किलोचे लिटर कोणत्या आकड्याने भागून करतात, हे विचारून घ्यावे. ही फसवणूक नसून रूपांतर आहे. परंतु ते माहीत नसल्यास विनाकारण संशय वाढतो.

२) काट्याची अचूकता : काटा किती ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो, हे महत्त्वाचे आहे. समजा, काटा १०० ग्रॅमच्या टप्प्याचा आहे आणि वरचे ग्रॅम सोडून दिले जातात. अशा वेळी प्रत्येक खेपेस सरासरी ५० ग्रॅम दूध हिशेबात येत नाही. दिवसाला दोन खेपा म्हणजे वर्षाला ७३० खेपा होतात. एका उत्पादकाचे वर्षाला ३६.५ किलो, तर शंभर उत्पादकांच्या केंद्रात ३,६५० किलो दूध असे नोंदीबाहेर राहते. तोच काटा १० ग्रॅमच्या टप्प्याचा असेल तर ही तूट एकदशांश, म्हणजे उत्पादकामागे साडेतीन किलोच्या आसपास उरते. म्हणून लहान टप्प्याच्या काट्याचा आग्रह धरावा. काट्यावर वैधमापन खात्याची चालू मुदतीची मोहोर आहे ना, हेही पाहावे. दूध ओतण्यापूर्वी रिकाम्या भांड्यासह काटा शून्यावर आहे याची खात्री करावी.

३) स्निग्धांश व एसएनएफ : गाईच्या दुधास ३.५ स्निग्धांश व ८.५ एसएनएफ आणि म्हशीच्या दुधास ६.० व ९.० हे आकडे धरून आपल्याकडे दर ठरतात. त्याखाली प्रत्येक पॉइंटला कपात होते. पॉइंट म्हणजे ०.१ टक्का. समजा, ही कपात ३० पैसे आहे, आपले दूध रोज २० लिटर आहे आणि यंत्र दोन पॉइंट कमी दाखवते. तर रोज १२ रुपये आणि वर्षाला ४,३८० रुपये कमी मिळतील. एवढ्या रकमेत खनिज मिश्रणाची सोय सहज होते. यंत्र नीट चालते की नाही, याकडे लक्ष देणे म्हणूनच आपल्या हिताचे आहे.

तपासणी यंत्राची काळजी

केंद्रांवरील बहुतेक यंत्रे ध्वनिलहरींच्या साहाय्याने दूध तपासतात. नमुना नीट घेतला नाही तर चांगले यंत्रही चुकीचा आकडा देते. म्हणून पुढील दक्षता घ्यावी.

१) दूध काही वेळ स्थिर राहिले की स्निग्धांश वर तरंगतो. नमुना घेण्यापूर्वी दूध तळापासून हलक्या हाताने ढवळावे.

२) दूध जोराने घुसळू नये. फेस व हवेचे बुडबुडे असलेल्या नमुन्याचा आकडा खरा येत नाही.

३) गाय आणि म्हैस यांच्यासाठी यंत्रात वेगवेगळी मांडणी असते. पावतीवर योग्य प्रकार छापला आहे का, ते पाहावे. दोन्हींचे दूध मिसळून नेऊ नये.

४) प्रत्येक सत्रानंतर यंत्र स्वच्छ पाण्याने आणि ठरलेल्या द्रावणाने धुतले पाहिजे. आत दुधाचा थर साचल्यास आकडे हळूहळू सरकू लागतात.

५) ठराविक काळाने त्याच नमुन्याचा स्निग्धांश गर्बर पद्धतीने काढून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावा. ही तपासणी उत्पादकांसमोर करून तिची नोंद फलकावर लावावी. ज्या संस्थेत हा प्रघात पडतो, तेथे वाद कमी होतात, असा अनुभव आहे.

६) काही केंद्रांवर लॅक्टोमीटरचे वाचन आणि स्निग्धांश यांवरून सूत्राने एसएनएफ काढतात. या सूत्रातील स्थिर आकडा सर्व ठिकाणी सारखा नसतो. आपल्या संघाचे सूत्र कोणते, हे सचिवांकडून लिहून घ्यावे.

पावतीवरून गोठ्याची परीक्षा

पावती केवळ पैशाचा कागद नाही. ती जनावराच्या आहाराची आणि आरोग्याचीही खूण आहे. महिनाभराच्या पावत्या एका वहीत किंवा मोबाईलवर ओळीने उतरवल्यास गोठ्यात काय चालले आहे, ते समजते.

स्निग्धांश घटला आणि एसएनएफ ठीक आहे : आहारात तंतुमय वैरण कमी आणि खुराक जास्त होत असावा. कडबा किंवा वाळलेली वैरण वाढवावी, कुट्टी फार बारीक करू नये आणि खुराक दोन-तीन वेळा विभागून द्यावा. दूध पूर्ण काढले जाते का, हेही पाहावे. पहिल्या धारांत स्निग्धांश कमी आणि शेवटच्या धारांत जास्त असतो. शेवटचे दूध कासेत राहिल्यास नुकसान दुहेरी होते.

एसएनएफ घटला : लगेच पाणी मिसळल्याचा आरोप करणे बरोबर नाही. पाणी मिसळल्याने एसएनएफ घटतो हे खरे. ८.५ एसएनएफच्या ९० भाग दुधात १० भाग पाणी गेल्यास तो ७.६५ वर येतो. परंतु आहारातून ऊर्जा कमी पडल्यास, उन्हाळ्यात जनावराचे खाणे घटल्यास किंवा कासदाह झाल्यासही तो खाली येतो. नुसत्या वाळक्या वैरणीवर ठेवलेल्या दुभत्या गाईत हे नेहमी दिसते.

दूध अचानक कमी झाले व एसएनएफही घटला : कासदाहाची, म्हणजे दगडीची, शंका घ्यावी. अनेकदा कास वरून चांगली दिसते आणि रोग आत असतो. प्रत्येक सडाचे दूध वेगवेगळे घेऊन तपासणी द्रावणाने पाहावे आणि पशुवैद्यकास बोलवावे. रोग लवकर कळल्यास औषधाचा खर्च कमी होतो. उपचाराच्या काळातील व त्यानंतर पशुवैद्यक सांगतील तेवढे दिवसांचे दूध केंद्रात घालू नये. प्रतिजैविकाचा अंश असलेले एका गाईचे दूध संपूर्ण टाकीतील दूध बाधित करू शकते.

पावती एकत्रित दुधाची असते. त्यामुळे तीवरून दोष कळला, तरी दोषी जनावर कळत नाही. यासाठी आठवड्यातून एक दिवस प्रत्येक जनावराचे दूध वेगळे मोजून लिहावे.

थंड साखळी आणि वेळेची नोंद

कासेतून निघताना दूध जनावराच्या शरीराइतके गरम असते. या तापमानाला जिवाणू झपाट्याने वाढतात. अर्ध्या तासात त्यांची संख्या दुप्पट होते असे धरले, तर तीन तासांत एकाचे ६४ होतात. म्हणून दूध लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करणे आवश्यक असते. गावातील किंवा जवळच्या गावातील शीतकरण टाकीमुळे हे साधते.

आता अशा टाकीला तापमान नोंदवणारे यंत्र जोडता येते. वीज गेली, जनित्र सुरू झाले नाही किंवा तापमान वाढले, तर चालकाच्या मोबाईलवर सूचना जाते. टँकरवर बसवलेल्या उपकरणावरून तो कोठे आहे आणि केव्हा पोहोचेल, हेही कळते. या नोंदींचा उत्पादकास दोन प्रकारे लाभ होतो. दूध आंबले तर दोष गोठ्यातील स्वच्छतेचा, टाकीचा की टँकरच्या उशिराचा, याचा निर्णय नोंदीवरून करता येतो. नोंद नसेल तर नुकसान शेवटी उत्पादकाच्या गळ्यात येते. दुसरे असे की, कोणत्या केंद्रावर किती दूध जमते हे पाहून टँकरचे मार्ग आखले तर डिझेल वाचते आणि दूध लवकर पोहोचते.

गोठ्याची जबाबदारी मात्र यंत्र घेत नाही. कास धुऊन पुसावी, किटली स्टीलची व कोरडी असावी, आजारी जनावराची धार शेवटी काढावी आणि संकलनाची वेळ पाळावी.

कानातील बिल्ला आणि पशुधनाची नोंद

जनावराच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारला जातो. त्या क्रमांकावर मालक, जात, वय, लसीकरण, कृत्रिम रेतन, उपचार व वेत यांची नोंद संगणकावर राहते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तयार केलेल्या 'इनाफ' प्रणालीवर पूर्वी हे काम चाले. आता ते 'भारत पशुधन' प्रणालीवर होते.

काही बंधू बिल्ला मारण्यास नाराज असतात. परंतु त्याचा उपयोग प्रत्यक्ष पैशात होतो. २०२४ च्या जानेवारीत राज्य शासनाने गाईच्या दुधास प्रतिलिटर ५ रुपये अनुदान जाहीर केले. त्या वेळी कानातील बिल्ला, त्याची संगणकीय नोंद आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांची अट होती. रक्कम थेट खात्यात जमा होणार असल्याने ज्याची नोंद अपुरी, त्याचे अनुदान अडकणार हे उघड होते. म्हणून जनावर विकत घेतल्यावर मालकाचे नाव बदलून घ्यावे, विकल्यावर आपल्या नावावरून कमी करावे, बिल्ला पडल्यास तो पुन्हा मारून घ्यावा आणि वासरांची नोंद करावी. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक उपलब्ध आहे. दूरध्वनी करताना बिल्ल्याचा क्रमांक हाताशी ठेवावा.

माजाचे वेळापत्रक मोबाईलवर

गोठ्यातील सर्वांत मोठी गळती भाकड दिवसांत होते. भाकड गाय चारा खाते, पाणी पिते, शेण आणि मिथेन वायू देते, पण दूध देत नाही. दोन वेतांतील अंतर १३ महिने असेल तर साडेसहा वर्षांत ६ वेते मिळतात. तेच अंतर १८ महिने झाले तर ४ वेतांवरच समाधान मानावे लागते. वातावरणात जाणारा मिथेन प्रतिलिटर दुधामागे कमी करण्याचा, लहान शेतकऱ्यास परवडणारा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जनावर वेळेवर गाभण राहणे आणि त्यास समतोल आहार मिळणे हाच होय.

गाईचा माज २१ दिवसांनी येतो. एक माज चुकला की २१ दिवस गेले. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. मोबाईलमधील दिनदर्शिकेत आठवण लावणे पुरेसे आहे. उदाहरणार्थ, गाय १ जानेवारीस भरवली असेल तर पुढील तारखा लावाव्यात : २२ जानेवारीच्या आसपास माजावर नजर, २ मार्च ते १ एप्रिल दरम्यान गर्भतपासणी, ११ ऑगस्टच्या सुमारास दूध आटवणे आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास विण्याची अपेक्षा. म्हशीचा गाभण काळ सुमारे ३१० दिवसांचा असल्याने तिच्या तारखा त्याप्रमाणे धराव्यात. माज सकाळी दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे.

मोठ्या गोठ्यांत गळ्यात किंवा पायात पट्टा बांधून जनावराची हालचाल व रवंथ मोजतात. त्यावरून माज आणि आजार लवकर कळतो. दोन-चार जनावरांच्या गोठ्यात मात्र सकाळ-संध्याकाळ डोळ्यांनी पाहणे आणि नोंद करणे हेच अधिक परवडते.

समतोल आहार आणि चाऱ्याचा हिशेब

दुधाच्या खर्चातील सर्वांत मोठा वाटा आहाराचा असतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आहार संतुलनासाठी संगणकीय प्रणाली विकसित केली आहे. जनावराचे वजन, दूध, स्निग्धांश आणि घरी असलेला चारा यांची माहिती दिली की कमीत कमी खर्चाचा आहार ती सुचवते. गाईचे वजन घरीही काढता येते. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात मोजावी. घेरास घेराने गुणून पुन्हा लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. घेर ७० इंच व लांबी ५८ इंच असल्यास वजन सुमारे ४३० किलो येते.

त्याच वहीत चाऱ्याचाही हिशेब मांडावा. पाच जनावरांना रोज प्रत्येकी २० किलो मुरघास उन्हाळ्याचे १२० दिवस द्यायचा असेल तर १२ टन मुरघास लागेल. एक घनमीटर खड्ड्यात ५०० किलो मावतो असे धरल्यास २४ घनमीटर जागा हवी. हा हिशेब पावसाळ्यातच झाला तर आफ्रिकन टॉल मक्याचे क्षेत्र त्याप्रमाणे ठरवता येते आणि एप्रिलमध्ये चढ्या भावाने ऊस वाढे विकत घ्यावे लागत नाही. बांधावर फुले जयवंत हे संकरित नेपियर गवत आणि थोड्या क्षेत्रावर आर. एल. ८८ हा लसूणघास असल्यास खुराकाचा खर्च आटोक्यात राहतो.

सुरुवात कशी करावी

सर्व गोष्टी एकाच वेळी करण्याची गरज नाही. पुढील क्रम सोयीचा ठरेल.

१) पहिल्या महिन्यात प्रत्येक पावती जपून ठेवावी आणि रोजचे वजन, स्निग्धांश व एसएनएफ लिहावे. घरातील शाळा-कॉलेजात जाणारी मुले हे काम मोबाईलवर सहज करतात.

२) दुसऱ्या महिन्यात जनावरांच्या बिल्ल्यांची व बँक खात्याची नोंद तपासावी.

३) तिसऱ्या महिन्यात प्रत्येक जनावराच्या रेतनाच्या व विण्याच्या तारखा दिनदर्शिकेत लावाव्यात.

४) संस्थेच्या सभेत काट्याचा टप्पा, मोहोर, यंत्राची तपासणी आणि टाकीचे तापमान हे चार विषय कामकाजावर घ्यावेत.

५) दुधाचा पगार ज्यांच्या कष्टाचा, त्या घरातील महिलांच्या नावे खाते असावे आणि मोबाईलवरील संदेश त्यांना वाचता यावा. खात्याचा गुप्त क्रमांक व मोबाईलवर आलेला एकवेळचा क्रमांक कोणासही सांगू नये.

शेतकरी बंधू-भगिनींनो, संगणक आल्याने केंद्रावरचा कारभार आपोआप चोख होत नाही. ज्या गावात उत्पादक पावती वाचतात आणि प्रश्न विचारतात, तेथेच यंत्राचा आकडा खरा राहतो. दूध तोलणारा काटा जसा संस्थेचा आहे, तसा तो आपलाही आहे. आजच्या संध्याकाळची पावती खिशात न ठेवता वहीत उतरवावी. महिनाअखेर ती वही उघडली की कोणत्या गाईकडे, कोणत्या चाऱ्याकडे आणि कोणत्या मापाकडे लक्ष द्यायचे, हे आपणास निश्चित सांगता येईल.